बोलका सल्लागार विश्वासास पात्र कसा होईल?

शेतीविषयक सल्ला शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची साधने काळानुसार बदलत आली आहेत. पत्रके, प्रात्यक्षिके, मेळावे, आकाशवाणी, दूरदर्शन व दूरध्वनी यांच्या जोडीस आता आणखी एक साधन आले आहे. शेतकऱ्याने मोबाईलवर मराठीत प्रश्न विचारावा आणि पलीकडून मराठीतच उत्तर यावे, परंतु उत्तर देणारा मात्र माणूस नसावा, असे हे साधन होय. केंद्र शासनाने पीएम-किसान योजनेच्या शंकांसाठी 'किसान ई-मित्र' हा संवादक २१ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केला. पुढे तो मराठीसह अकरा भाषांत बोलू लागला. दूरदर्शनच्या 'डीडी किसान' वाहिनीवर २६ मे २०२४ रोजी 'क्रिश' व 'भूमी' या नावांचे दोन संगणकनिर्मित निवेदक अवतरले. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार-एआय' हे ॲप शेतकऱ्यांच्या हाती दिले, आणि त्याच वर्षी १७ जून रोजी राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणास मंजुरी देऊन पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद मान्य केली.

साधन आले म्हणजे त्याचा उपयोग होईलच असे नाही. सल्ला देणाऱ्यावर विश्वास नसेल तर सल्ला वाया जातो. आणि विश्वास आंधळा असेल तर पीक वाया जाते. रायगडच्या किनाऱ्यावर या दुसऱ्या धोक्याचा विचार विशेष करावा लागतो. येथील जमिनीचे तुकडे लहान, खारेपाटात भाताचे पीक एकच, आणि त्याची लावणी पावसाच्या ठरावीक दिवसांतच उरकावयाची. एक चुकीचा सल्ला म्हणजे एक संपूर्ण वर्ष. म्हणून असा बोलका सल्लागार कसा घडविला जातो, लोकांना तो विश्वासार्ह का वाटतो, आणि वाटणारा विश्वास खरोखर पात्र आहे की नाही हे कसे ओळखावे, याची माहिती गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

नवे साधन, जुना प्रश्न

न दिसणाऱ्या सल्लागारावर गावाने विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आपल्या राज्यात यापूर्वीही उभा राहिला होता. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तेथे ती फारशी पडली नाही. रेडिओचा आवाज दोन्हीकडे एकच होता. फरक होता तो चर्चेचा व उलट विचारलेल्या प्रश्नाचा.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अन्नधान्याची टंचाई होती. शेतकऱ्यांपर्यंत नव्या पद्धती पोहोचाव्यात म्हणून बीबीसीने १ जानेवारी १९५१ पासून 'द आर्चर्स' ही श्रुतिका देशभर सुरू केली. तिच्यातील गाव कल्पित, डॅन आर्चर हा शेतकरीही कल्पित. तरी शेतकरी श्रोते ती आवडीने ऐकत, कारण पात्रे कल्पित असली तरी त्यांच्या तोंडी येणारी शेतीची माहिती कल्पित नव्हती. ती तेथील कृषी मंत्रालयाच्या सहकार्याने तयार होत असे. शिवाय ही पात्रे कल्पित आहेत हे कोणापासून लपविलेले नव्हते.

या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. सल्ला देणारे पात्र माणूस असलेच पाहिजे असे नाही. परंतु त्याच्यामागे तपासलेली माहिती असली पाहिजे, आणि श्रोत्यास उलट प्रश्न विचारण्याची व चूक दाखविण्याची सोय असली पाहिजे. आजच्या बोलक्या सल्लागारासही हीच कसोटी लावावयाची आहे.

हे पात्र बोलते कसे?

संगणकास भाषेचे असंख्य लेख वाचावयास देऊन, कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्यास शिकविले जाते. अशा यंत्रणेस भाषेचे मॉडेल म्हणतात. ते सफाईदार वाक्ये रचते, परंतु वाक्य सफाईदार असणे व खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माहिती नसलेल्या विषयावरही ते तितक्याच ठामपणे बोलू शकते. बाजारातील बोलघेवडा मनुष्य रोग न पाहता औषध सांगतो, तसाच हा प्रकार समजावा.

हा दोष कमी करण्यासाठी जाणते निर्माते त्यास मोकळे सोडीत नाहीत. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी, हवामान खात्याचे अंदाज, बाजार समित्यांचे भाव अशी मान्य कागदपत्रे त्याच्यापुढे ठेवून, त्यांत शोधूनच उत्तर दे, असे बंधन घातले जाते. यामुळे चुका पुष्कळ घटतात, परंतु पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. कागद जुना असेल तर उत्तरही जुने येते. आणि विदर्भातील काळ्या जमिनीसाठी लिहिलेला कागद हाती लागला, तर खारेपाटातील शेतकऱ्यास त्याचा उपयोग होत नाही.

असे असूनही माणसे यंत्रावर चटकन विश्वास ठेवतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाम या संशोधकाने १९६६ साली 'एलायझा' नावाच्या संवादक कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य फिरवून त्यास प्रश्न विचारणे, यापलीकडे त्यास काही येत नव्हते. तरीही वायझेनबाम यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी थोडा वेळ संवाद केल्यावर, आपण खोलीबाहेर जावे, अशी विनंती वायझेनबाम यांना केली. तो कार्यक्रम कसा बनला हे त्यांनी महिनोन् महिने पाहिले होते. तरी मन मोकळे करण्यासाठी त्यांना एकांत हवासा वाटला. बोलणाऱ्यास मन असते, ही माणसाची सवय इतकी जुनी आहे. निर्मात्याने या सवयीचा गैरफायदा घेऊ नये, आणि कार्यकर्त्याने ती ओळखून असावे.

नाव, चेहरा व आवाज

पात्र घडविताना प्रथम त्यास नाव दिले जाते. नाव ओळखीचे व उच्चारास सोपे असावे, परंतु ते एखाद्या खऱ्या अधिकाऱ्याचे वा शास्त्रज्ञाचे वाटेल असे नसावे. "मी संगणकावर चालणारा सल्लागार आहे," हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे, आणि "तू माणूस आहेस काय?" असे विचारल्यावर सरळ "नाही" म्हटले पाहिजे. "मीही शेतकऱ्याचाच मुलगा," किंवा "गेल्या वर्षी मी हेच औषध मारले होते," अशी वाक्ये त्याच्या तोंडी घालणे म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक होय. ज्याने कधी चिखलात पाय घातला नाही, त्याने अनुभवाचा आव आणू नये.

चेहऱ्याविषयी जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एक विचार मांडला. यंत्राचे रूप माणसासारखे होत जाते तसतसे ते आवडू लागते. परंतु ते जवळजवळ माणसासारखे व तरी थोडे वेगळे झाले की पाहणाऱ्यास त्याची शिसारी येते. ओठ व शब्द यांचा मेळ नसलेला, पापण्या न मिटणारा चेहरा पाहिल्यावर हा अनुभव येतो. म्हणून हुबेहूब चेहऱ्यावर पैसा व श्रम खर्चण्यापेक्षा साधे रेखाचित्र किंवा नुसता आवाज पुष्कळदा बरा. शेतात उभे केलेले बुजगावणे पक्ष्यांना चार दिवस भिवविते. पुढे तेच पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसतात. चेहऱ्याने मिळविलेला विश्वासही तितकेच दिवस टिकतो.

आवाजाचे महत्त्व मात्र अधिक आहे. तो स्पष्ट असावा, वेग बेताचा असावा, आणि वयस्कर श्रोत्यास उत्तर पुन्हा ऐकण्याची सोय असावी. बोलताना 'तुम्ही' किंवा 'आपण' असेच संबोधन असावे. दादा, ताई, काका, मावशी ही संबोधने आपल्याकडे सहज येतात व ती कानास गोडही लागतात. परंतु "मी तुमचा भाऊ सांगतो, डोळे मिटून करा," असे म्हणणारे पात्र नात्याचा आधार घेऊन पुराव्याची उणीव भरून काढीत असते, हे ओळखावे.

सल्ला कोणाच्या तोंडून यावा, याविषयी गुजरातेत झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. फोनवरून शेतीची माहिती देणाऱ्या 'आवाज ओटलो' या सेवेत काही सूचना शास्त्रज्ञांच्या आवाजात व काही शेतकऱ्यांच्या आवाजात ऐकविण्यात आल्या. शेतकऱ्यांनी मुलाखतीत शास्त्रज्ञांना पसंती दर्शविली. परंतु सूचना ऐकून अधिक माहितीसाठी प्रत्यक्ष फोन केले ते शेतकऱ्यांच्या आवाजातील सूचनांना अधिक. म्हणून आभासी सल्लागाराने शिफारस विद्यापीठाची सांगावी, आणि त्याच परिसरात ती अमलात आणलेल्या शेतकऱ्याचा खरा अनुभव त्याच्या संमतीने जोडून द्यावा. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात, एवढीच अट.

बोलीचा प्रश्न

ज्यास आपले बोलणे कळत नाही त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. पुस्तकी मराठीवर तयार झालेले यंत्र रायगडच्या किनाऱ्यावर येथेच प्रथम अडखळते. आगरी बोलीत 'ळ' च्या जागी 'ल' व 'ण' च्या जागी 'न' येतो. नारळ हा 'नारल' होतो आणि पाणी हे 'पानी' होते. शिवाय खारेपाटाचे स्वतःचे शब्द आहेत. बांध फुटून पडलेली खांड, पाण्याचा निचरा करणारी उघाडी, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, रोपांचे आवण, त्यासाठी भाजलेला राब, ही रोजची भाषा आहे. 'उघाडी' म्हणताच यंत्राने पावसाच्या उघडिपीचा अंदाज सांगितला, तर शेतकरी दुसऱ्यांदा प्रश्न विचारीत नाही.

संख्यांच्या बाबतीत धोका अधिक आहे. 'सतरा' व 'सत्तर' हे शब्द फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून उत्तर देण्यापूर्वी पात्राने ऐकलेली संख्या परत उच्चारून खात्री करून घ्यावी: "आपण सतरा गुंठे म्हणालात, म्हणजे एक आणि सात, बरोबर ना?" हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, परंतु ऐकणाऱ्यास, आपले बोलणे नीट ऐकले जात आहे, असा भरवसा त्यातूनच येतो.

हे शब्द व ही उच्चारपद्धती शहरातील निर्मात्यास घरबसल्या मिळणार नाहीत. ते गावातूनच गोळा करून द्यावे लागतील. लावणीत, बेणणीत व कापणीत निम्म्याहून अधिक श्रम स्त्रियांचे असतात. तेव्हा शब्द व प्रश्न गोळा करताना त्यांच्याकडे आवर्जून जावे.

उत्तर देण्याची रीत

नाव व आवाज यांनी विश्वास सुरू होतो. तो टिकतो किंवा तुटतो तो उत्तरावर. एक उदाहरण घेऊ. पेण तालुक्यातील एखादा शेतकरी विचारतो, "उधाणात बांधाला खांड गेली, खाचरात खारे पाणी शिरले. आता भात लावू का?"

अपात्र सल्लागार येथे ताबडतोब भाताची जात व खताची मात्रा सांगून मोकळा होतो. पात्र सल्लागार आधी विचारतो: पाणी कधी शिरले? खांड बांधली काय? ओहोटीच्या वेळी उघाडीतून खारे पाणी काढून दिले काय? त्यानंतर चांगला पाऊस किती झाला? मग तो सांगतो की, खांड बुजविल्यावाचून पुढील उपाय व्यर्थ आहेत. त्यानंतर पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून व पुन्हा काढून देऊन क्षार धुवावेत. आणि माती तपासून घ्यावी. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक असलेली जमीन क्षारयुक्त गणली जाते. अशा जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या जाती कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने दिल्या आहेत, हेही तो सांगतो. आणि शेवटी म्हणतो, "आपले खाचर मी पाहिलेले नाही. लावणीपूर्वी कृषी कर्मचाऱ्यास शेत दाखवा." या शेवटच्या वाक्याने सल्लागाराचा मान कमी होत नाही. आपली मर्यादा सांगणाऱ्याचे इतर बोलणे माणूस अधिक ध्यानपूर्वक ऐकतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. शिफारशी हेक्टरी असतात, आणि शेतकऱ्याजवळ असतात गुंठे. कोकणात भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. बारा गुंठ्यांच्या धारकास नुसते "सव्वीस किलो युरिया द्या" असे उत्तर मिळाले, तर ते बरोबर की चूक हे त्यास कळण्यास मार्ग नाही. पात्र सल्लागार रीत दाखवितो: बारा गुंठे म्हणजे सुमारे ०.१२ हेक्टर, त्यास नत्र सुमारे १२ किलो, युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून सर्व नत्र युरियातून द्यावयाचे झाल्यास सुमारे २६ किलो युरिया, तोही एकदम न देता लावणीच्या वेळी ४० टक्के, फुटवे येताना ४० टक्के व लोंबी घडू लागताना २० टक्के, म्हणजे सुमारे साडेदहा, साडेदहा व सव्वापाच किलो. मिश्रखत वापरले असेल तर त्यातील नत्र या हिशेबातून वजा करावे. एवढे सांगितले की पाचवी-सहावी शिकलेला मुलगाही पडताळा घेऊ शकतो. यंत्राने हेक्टरऐवजी एकर धरला असेल तर मात्रा अडीचपट होते, आणि रीत पुढे असेल तर ही चूक लागलीच उघडी पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे आधार व तारीख. ही शिफारस कोणाची, कोणत्या वर्षाची, कोणत्या विभागासाठी, हे उत्तरासोबत आलेच पाहिजे. हवामानाचा अंदाज असेल तर तो केव्हा दिलेला आहे, आणि भाव असेल तर कोणत्या बाजाराचा व कोणत्या दिवसाचा, हे सांगितले पाहिजे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन लाभलेले आहे व तो वेण्या बांधून विकला जातो. त्याच्या उत्पादकास लासलगावच्या लाल कांद्याचा भाव सांगून उपयोग नाही.

चौथी गोष्ट, हो-ला हो न म्हणणे. भाषेच्या मॉडेलांत प्रश्न विचारणाऱ्याच्या कलाने बोलण्याची खोड आढळते. "ही दोन औषधे एकत्र मारली तर चालतील ना?" असे विचारले की उत्तर "चालतील" याकडे झुकते. हे पात्र घडविताना ही खोड मोडावी लागते. न चालणाऱ्या गोष्टीस स्पष्ट नकार देणे, हा सल्लागाराचा धर्म आहे.

औषधांच्या बाबतीत विशेष दक्षता

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या घटनेशी अशा यंत्राचा काही संबंध नव्हता. परंतु औषधाचे मिश्रण, मात्रा व अंगावरील संरक्षण यांत अंदाज चालत नाही, हा तिचा धडा येथेही लागू आहे. पिकावरील कीड ओळखण्यासाठी आभासी सल्लागाराची मदत अवश्य घ्यावी. परंतु औषधाचे नाव व मात्रा त्याने केवळ त्या पिकासाठी व त्या किडीसाठी मान्यता असलेल्या लेबलावरूनच सांगावी, हातमोजे व तोंडावरील आच्छादन यांची सूचना प्रत्येक वेळी द्यावी, आणि विषबाधेचे लक्षण कानी येताच इतर सर्व बोलणे थांबवून रुग्णालयात जाण्यास व औषधाचा डबा सोबत नेण्यास सांगावे. डब्यावरील लेबल व यंत्राचे उत्तर यांत फरक आढळल्यास लेबल प्रमाण मानावे.

गावात चाचणी कशी घ्यावी?

नवा संवादक गावात नेल्यावर "कसा वाटला?" असे विचारले की "चांगला आहे" हेच उत्तर येते. हे उत्तर भिडस्तपणाचे असते. बंगळूर येथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एखादे साधन विचारणाऱ्यानेच बनविले आहे असे वाटल्यास लोक त्यास पसंती देण्याचा संभव सुमारे अडीचपट होतो. आणि विचारणारा परदेशी असून दुभाष्यामार्फत बोलत असल्यास तो सुमारे पाचपट होतो. पाहुण्याने आणलेल्या वस्तूस नावे ठेवू नयेत, ही आपली रीतच आहे. म्हणून मत विचारण्यापेक्षा काम पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील चाचण्या कराव्यात.

१. ज्यांची उत्तरे आपणांस निश्चित ठाऊक आहेत असे दहा प्रश्न स्थानिक बोलीत विचारावेत व उत्तरे लिहून ठेवावीत.

२. एकच प्रश्न दोन रीतींनी विचारावा. एकदा "हे करावे काय?" आणि एकदा "हे करू नये ना?" उत्तर बदलल्यास सावध व्हावे.

३. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीविषयी विचारावे, उदाहरणार्थ, "पनवेल-५० या भाताचे उत्पन्न किती?" पात्र सल्लागार, अशा जातीची नोंद आपणांजवळ नाही, असे सांगेल. अपात्र सल्लागार आकडा सांगेल.

४. सतरा व सत्तर, एकर व हेक्टर, मिलिलिटर व ग्रॅम यांची खात्री तो करून घेतो काय, ते पाहावे.

५. वृद्ध शेतकरी, स्त्रिया व अक्षरओळख नसलेले मजूर यांच्या हाती फोन देऊन आपण दूर बसावे. ते कोठे थांबतात, कोठे फोन परत देतात, याची नोंद घ्यावी.

६. "मला माणसाशी बोलावयाचे आहे," असे म्हटल्यावर तो कोणाकडे पाठवितो व तेथे खरोखर कोणी भेटते काय, हे तपासावे. किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ पासून चालू असून १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत तेथे माणसाशी बोलता येते.

७. आढळलेली प्रत्येक चूक तारीख, प्रश्न व उत्तर यांसह तालुका कृषी कार्यालयामार्फत निर्मात्यांकडे पाठवावी, आणि काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारून दुरुस्ती झाली काय, हे पाहावे.

यांतील सातवी चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. श्रोतृमंडळांची पत्रे पुणे केंद्राकडे जात व त्यांची उत्तरे परत येत, म्हणून त्या आवाजास गावात मान मिळाला. ज्या सल्लागारास चूक कळवूनही तो तीच चूक पुन्हा करतो, त्याची शिफारस कार्यकर्त्याने करू नये. कारण गाव यंत्रास ओळखीत नाही, ते यंत्र घेऊन येणाऱ्यास ओळखते.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

शेतकरी बंधुभगिनींनी अशा सल्लागाराचा उपयोग निःशंकपणे करावा, मात्र काही पथ्ये पाळावीत. ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर पीएम-किसानच्या नावाने एपीके फाइल पाठवून खात्यातील पैसे लुबाडण्याचे प्रकार घडलेले आहेत. ओटीपी, बँकेचा पिन किंवा एटीएम कार्डाचा क्रमांक कोणत्याही शेती सल्लागारास लागत नाही. तो मागणारा, आवाज कितीही गोड असला तरी, ठक समजावा. खर्चाचा, विषाचा किंवा परत न फिरविता येणारा निर्णय असेल, तेव्हा यंत्राचे उत्तर घेऊन शेजारच्या अनुभवी शेतकऱ्याशी व कृषी कर्मचाऱ्याशी बोलावे आणि मगच हात घालावा.

आणखी एक मर्यादा ध्यानी ठेवावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन भागांतील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि त्याबरोबर वीज व मोबाईलची सेवाही कित्येक दिवस बंद पडली. सल्ल्याची सर्वाधिक गरज होती त्याच वेळी फोन मुका होता. त्या वेळी उपयोगी पडली ती गावातील माणसे, घरात लिहून ठेवलेले क्रमांक व वादळापूर्वी ऐकलेल्या सूचना. म्हणून बोलक्या सल्लागाराने दिलेली महत्त्वाची माहिती वहीत उतरवून ठेवण्याची सवय लावावी.

येत्या लावणीपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावात निदान एक बैठक घेऊन वरील चाचण्या गावकऱ्यांसमक्ष कराव्यात, स्थानिक शब्दांची यादी तयार करावी व उत्तरांतील उणिवा कळवाव्यात. सल्लागाराचा आवाज शहरात तयार होईल, परंतु खांड म्हणजे काय व उघाडी म्हणजे काय, हे त्यास गावानेच शिकवावयाचे आहे.